घंटी पुढच्यानं वाजवायची

आमच्या घरात रविवारी दुपारी तीन वाजता सायकलींची शर्यत असते. जेवणं उरकतात, आई ओटा पुसून घेते, बाबा डाव्या हाताने भिंत धरत बाहेरच्या खोलीत येतात आणि मी पलंगाखालून खोका काढते. टीपॉयवर पुठ्ठ्याचे तुकडे जोडून रस्ता तयार करायचा, त्यावर प्लास्टिकच्या इवल्या सायकली उभ्या करायच्या आणि साडेचार-पाचपर्यंत त्या शेवटच्या पांढऱ्या पट्टीपलीकडे न्यायच्या. दोन वर्षांत एकही रविवार चुकलेला नाही. मला ताप होता त्या रविवारीसुद्धा मी अंगावर शाल ओढून खेळले. रजा टाकायची तर कोणाकडे टाकायची?

मला एकाच रविवारचं सांगायचं आहे. त्या दिवशी माझ्या फोनमध्ये एक मेल नऊ दिवसांपासून पडून होता. सावंतवाडीजवळच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवण्याची कायम जागा मला मिळाली होती, आणि येते की नाही हे सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं. नऊ वर्षं मी इथे तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे जूनमध्ये बोलावतात आणि मार्चमध्ये विसरतात. दर जूनला नव्याने अर्ज, नव्याने नमस्कार, शिपायाशी नव्याने गोड बोलणं. कायम जागा म्हणजे काय, हे इतकी वर्षं लटकलेल्या माणसालाच कळेल.

घरात मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मुलाखतीला गेले ते पुण्याला पेपर तपासायला चालले असं सांगून. चौतिसाव्या वर्षी आईशी खोटं बोलून मी बसमध्ये चढले आणि नगर येईपर्यंत मला स्वतःची लाज वाटत होती. नगरनंतर मात्र झोप लागली, आणि ती इतकी गाढ होती की उतरायच्या वेळी कंडक्टरने दोनदा हाक मारली.

न सांगण्याचं कारण असं की साडेतीन वर्षांपूर्वी बाबांना लकवा झाला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धामुर्धा परत आला, बोलणं बऱ्यापैकी परत आलं. आईच्या गुडघ्यांनी त्याआधीच असहकार पुकारला होता. धाकटा भाऊ जर्मनीत. तेव्हा घर माझ्याकडे आलं. कोणी दिलं नाही, मी मागून घेतलं नाही, ते आपसूक आलं. सकाळी बाबांचा व्यायाम, त्यांची दाढी, मग माझे तास, मग दवाखाना, गोळ्यांचा डबा, आणि या सगळ्यांच्या वर नळ.

आमच्या मुकुंदवाडीत नळ आठवड्यातून एकदा येतो. कधी आठव्या दिवशी, कधी दहाव्या. गल्लीच्या ग्रुपवर ‘व्हॉल्व सोडला’ एवढाच निरोप पडतो, की मी असेन तिथून पळत सुटते. पाइप लावायचा, आधी हौद, मग पिंपं, मग हंडे-कळशा, आणि शेवटची धार संपायच्या आत अंगण धुऊन घ्यायचं. वर्गात मोसमी वारे शिकवताना माझं अर्धं लक्ष पर्समधल्या फोनकडे असतं. ती मुलाखत सोडली तर साडेतीन वर्षांत मी मुक्कामाला अशी कुठे गेलेच नाही. लांबात लांब म्हणजे दौलताबाद, तेही मुलांची सहल घेऊन. मुलं किल्ला चढून गेली आणि मी खाली फोनला रेंज येते की नाही ते बघत बसले.

मी अडकले होते. दुसरा शब्द मला सापडत नाही. राग यायचा, पण तो काढायचा कोणावर? बाबांवर काढणार, की आईच्या गुडघ्यांवर? मग तो भांड्यांवर निघायचा. आई आतून विचारायची, ‘काय पडलं गं?’ आणि मी म्हणायचे, काही नाही, ताट निसटलं.

तो खेळ भावाने आणला होता. दोन वर्षांपूर्वी तो आठ दिवसांसाठी आला तेव्हा बाबा दिवसभर खिडकीशी बसून असायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात वापरायला लावा, डोकं वापरायला लावा. बाबांची हयात सायकलवर गेलेली, म्हणून याने तिकडच्या दुकानातून सायकल शर्यतीचा खोका उचलला. नियमांचं पुस्तक जर्मनमध्ये. निघायच्या आदल्या दिवशी, बॅग भरता भरता, त्याने आम्हाला घाईघाईत खेळ समजावून सांगितला. हातात पाच पत्ते घ्यायचे, त्यांतला एक टाकायचा, पत्त्यावर आकडा असेल तेवढी घरं सायकल पुढे न्यायची. जो सगळ्यांच्या पुढे असेल त्याला वारा लागतो, म्हणून त्याला दर फेरीला एक लाल पत्ता. लाल पत्ता म्हणजे दमणूक, त्यावर दोनच घरं चालता येतात. पुढच्याच्या चाकाला लागून जो असेल त्याला आडोसा, त्याला लाल पत्ता नाही. एवढं सांगून तो बॅगेची चेन ओढायला गेला आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसला.

उरलेले नियम बाबांनी केले. केले असंही म्हणता येणार नाही, त्यांना ते ठाऊकच होते. बाबा शेंद्र्याच्या एका कारखान्यात होते. सकाळच्या शिफ्टला मुकुंदवाडीतून सात जण सायकलींवर निघायचे, जालना रोडने, विमानतळाच्या भिंतीवरून पुढे. थंडीत जाताना वारा समोरून, आणि बाकी वर्षभर परत येताना समोरून. वारे मी पुस्तकातून शिकवते, बाबांना ते मांड्यांनी शिकवले होते. एकाने पुढे राहून वारा खायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यामागे एका रांगेत चालवायचं. पुढचा दमला की तो घंटी वाजवणार, दोनदा, आणि डावीकडे सरकणार. त्याच्यामागचा न बोलता पुढे येणार, आता पुढे राहायची बारी, म्हणजे पाळी, त्याची. घंटी फक्त पुढच्यानेच वाजवायची. मागच्याने ‘आता सरक’ म्हणायचं नाही. तसं म्हटलं तर तू दमलास असं म्हटल्यासारखं होतं आणि त्यात माणसाचा पाणउतारा असतो. आणि कोणी कोणाला सोडून जायचं नाही, सातही जणांनी गेटात एकदमच शिरायचं.

हाच कायदा आमच्या टीपॉयवर आला. बाबांनी जुन्या सायकलची घंटी माळ्यावरून काढायला लावली. मी ती एका लाकडी पाटीवर स्क्रूने बसवली. पुढे असणाऱ्याने दमल्यावर ती वाजवायची, त्याचे लाल पत्ते खोक्यात परत जाणार आणि मागचा पुढे येणार. आई दुसऱ्याच लाल पत्त्याला घंटी वाजवायची आणि वर म्हणायची, ‘झालं बाबा माझं.’ बाबा चार-पाच पत्ते सोसायचे, मग वाजवायचे. शर्यत संपायची ती तिघांच्याही सायकली पट्टीपलीकडे गेल्यावरच. बाबा घड्याळात बघून सांगायचे, आज सव्वा तास, आज एक तास चाळीस. दोन वर्षांत आमच्या घरात कोणी जिंकलं नाही आणि कोणी हरलं नाही.

खरं सांगायचं तर मला त्या खेळाचा वीट आला होता. मी एकदा पुढे गेले की पुढेच राहायचे. हातात लाल पत्ते साचायचे, मी दोन-दोन घरं सरकायचे आणि माझ्यामागे आई-बाबाही दोन-दोन घरं, कारण सोडून जायचं नाही. तीच खोली, तेच वळण, तीच पांढरी पट्टी. बाहेर गल्लीतल्या बायका विहाराकडे निघालेल्या दिसायच्या, त्यांच्या पांढऱ्या साड्या खिडकीतून जाईपर्यंत मी बघत राहायचे. मग आई म्हणायची, ‘टाक ना पत्ता.’

तर तो रविवार. भाऊ दोन आठवड्यांच्या रजेवर आलेला होता आणि बुधवारी परत जाणार होता. नळाचा दिवसही आज नाही तर उद्या असा टेकलेला. मी पोळ्या लाटतानाच ठरवलं होतं की आज सांगायचं. चहाच्या वेळी. नंतर वाटलं, खेळ झाल्यावर. माझं सगळं असंच असतं, मला सांगायला नेहमी नंतरची वेळ बरी वाटते.

भावाने खोका उघडला आणि तळाशी पडलेलं नियमांचं पुस्तक बाहेर काढलं. आता त्याला जर्मन झरझर वाचता येतं. दोन पानं वाचली आणि तो हसायला लागला.

‘ताई, तुम्ही दोन वर्षं काय खेळताय हे? इथं बारी वगैरे काहीच नाहीये. घंटी पण नाहीये.’

‘मग पुढं कोण ऱ्हातं?’ बाबांनी विचारलं.

‘कुणीच नाही राहत. पुढं गेलं की दमतो ना माणूस. दुसऱ्याच्या मागं लपून राहायचं, आपले मोठे पत्ते वाचवायचे आणि शेवटच्या वळणावर सुटायचं. जो पहिला पोचला तो जिंकला.’

‘आन् बाकीचे?’

‘बाकीचे हरले.’

आईला हे पटलं नाही. ‘सगळेच लपून बसले तर सायकली जागची हालायच्या कशा?’

‘कुणीतरी जातंच गं पुढं,’ भाऊ म्हणाला. ‘ज्याला राहवत नाही तो जातो.’

 बाबांनी डाव्या हाताने घंटीची पाटी नेहमीप्रमाणे माझ्यापुढे सरकवली. भाऊ म्हणाला, आज बरोबर नियमाने खेळू, गंमत येईल. मी म्हटलं, खेळू.

पहिल्या दोन फेऱ्या सगळे रांगेत होते. बाबांचे पत्ते मी धरते, कारण त्यांना एका हाताने पंखा करता येत नाही. ते बोट ठेवतात तो मी टाकते. आई नेहमीप्रमाणे पुटपुटत आकडा मोजत होती. तिसऱ्या फेरीला मी सहाचा पत्ता टाकला आणि पुढे गेले. कोणी मला सांगितलं नव्हतं. नियम नुकताच समजला होता, दमणार हे माहीत होतं, तरी हात तिकडेच गेला. भावाने लगेच पाचचा टाकला आणि माझ्या मागच्या चाकाला त्याचं पुढचं चाक लावून उभा राहिला.

तिथून तो हलला नाही. मी चार घरं गेले की तोही चार. मला लाल पत्ता, त्याला काही नाही. पुढची फेरी, पुन्हा लाल पत्ता. वळणावर त्याची हिरवी सायकल माझ्या पिवळ्या सायकलीला इतकी चिकटून होती की आईने विचारलं, ‘त्या एकमेकींना अडकल्या का काय?’ तो हसला. मला हसू येईना. मला त्या खोलीत हवा कमी पडल्यासारखं झालं. खिडकी उघडीच होती, पंखाही चालू होता.

शेवटच्या वळणावर तो सुटला. नऊचा पत्ता, मग लगेच आठचा. त्याने ते दोन्ही अगदी सुरुवातीपासून जपून ठेवले होते. हिरवी सायकल पांढऱ्या पट्टीपलीकडे जाऊन एकटीच उभी राहिली.

‘जिंकलो,’ तो म्हणाला आणि त्याने दोन्ही हात वर केले.

आमच्याकडे कोणी जिंकलं की काय करायचं असतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. आई त्या सायकलीकडे बघत राहिली. ‘आता तिकडं एकटाच काय करणार तू?’ तिने विचारलं. तिला खरंच तेवढंच विचारायचं होतं.

माझा मात्र तोल गेला. ‘हे तुला छान जमतं,’ मी म्हटलं. ‘दुसऱ्याच्या आडोशानं राहायचं आणि वेळ आली की निघून जायचं.’

त्याचे हात खाली आले. ‘ताई, खेळ आहे हा.’

‘तुझ्यासाठी.’

‘म्हणजे काय? मी दर रविवारी फोन करतो. दर वेळी विचारतो, सगळं ठीक आहे ना? तू काय म्हणतेस? मस्त चाललंय. मी विचारलं, एखादी बाई लावू का कामाला, तू म्हणालीस, कशाला, मी आहे ना. मी विचारलं, दोघांना तिकडं नेऊ का दोन महिने, तू म्हणालीस, त्यांना मानवणार नाही. मग मला कसं कळणार? मला स्वप्न पडणार आहे का?’

हे त्याने आवाज न चढवता म्हटलं, म्हणून जास्त लागलं. कारण ते खरं होतं. ‘मस्त चाललंय’ हे माझेच शब्द, माझ्याच आवाजात. कोणी विचारलं की मी ते इतक्या पटकन म्हणते की विचारणाऱ्याचा प्रश्नही पुरा होत नाही. मी हातातल्या पत्त्यांकडे बघत बसले.

‘तुझे पत्ते दाखव,’ बाबा म्हणाले.

मी पत्ते त्यांच्याकडे वळवले. पाचही लाल होते. त्यांनी ते एकेक करून बघितले, घाई न करता, कारखान्यात माल तपासायचे तसे. मग डाव्या हाताची बोटं घंटीच्या पाटीला लावून ती अजून थोडी माझ्याकडे ढकलली.

‘वाजव.’

‘बाबा, मागच्यानं सांगायचं नसतं. नियम तुमचाच आहे.’

‘व्हय. माझाच हाय.’ ते थांबले. लांब बोलायचं असलं की ते आधी शब्द जमवतात. ‘दोन वर्सं झाले ही घंटी म्या तुझ्यापुढं ठिवतो. दर आइतवारी. माझ्याजवळ नाय, तुझ्या आईजवळ नाय. तुझ्याजवळ.’

मला वाटायचं, त्यांचा उजवा हात चालत नाही, घंटी त्यांना मध्ये येते, म्हणून ते ती माझ्याकडे सरकवतात. मी कधी दुसरा विचारच केला नव्हता.

‘आई वाजवती, म्या वाजवतो,’ ते म्हणाले. ‘तू एकदा बी वाजवली नाय. म्या वाट बघतो, आज वाजवंल, आज वाजवंल. सांगता तर येत नाय.’

मी मागच्या सगळ्या रविवारांकडे मनातल्या मनात बघून आले. खरंच, एकदाही नाही. मला तो माझा चिवटपणा वाटायचा. आईसारखी दुसऱ्या पत्त्याला वाजवणारी मी नव्हे, याचा थोडा माजही होता. लाल पत्ते साचवून मी दोन-दोन घरं सरकत राहायचे आणि मागे ही दोन म्हातारी माणसं निमूट माझ्या चालीने चालायची, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला आडोसा मिळत नाही याचा राग नऊ दिवस, नव्हे साडेतीन वर्षं, मी ताटांवर काढत होते, आणि घंटी वीतभर अंतरावर होती. मला रडू आलं. ते मी आवरलं नाही, आवरण्याइतकी ताकदही नव्हती.

‘आणि वाजवली,’ मी म्हटलं, ‘आणि मागं कुणीच नसलं तर?’

बाबांनी खिडकीकडे बघितलं. ‘झालंय माझं तसं. एकेकानं मोटारसायकल घेतली. सातातले सा गेले. म्या एकटाच ऱ्हायलो. पयल्या दिवशी विमानतळाच्या भिंतीपाशी आलो, सवयीनं घंटी वाजवली अन् बाजूला सरकलो. मागून कुणी येईना. मागं वळून बगितलं तर रस्ता मोकळा.’

‘मग?’ हे भावाने विचारलं.

‘मग उतरलो. बाभळीखाली बसलो. पाणी पिलो. बसलो बराच टाइम.’ ते थोडं हसले, त्यांचं हसू आता एकाच बाजूला येतं. ‘गेलो तवा गेट बंद झाल्तं. अर्धा दिवस गेला. पण कारखाना तिथंच व्हता. दुसऱ्या दिवशी बी तिथंच व्हता.’

मी घंटी वाजवली. दोनदा. माळ्यावरून काढली तेव्हा तेल दिलेलं होतं, आवाज अगदी स्वच्छ आला.

मग मी सांगितलं. सावंतवाडी, कायम जागा, सोमवारी पाचपर्यंत. पुण्याला पेपर तपासायला गेले नव्हते हेही सांगितलं. सगळं चार-पाच वाक्यांत संपलं. नऊ दिवस छातीवर घेऊन फिरत होते ती गोष्ट चार वाक्यांची होती.

पहिल्यांदा बोलली ती आई. ‘मग नळाचं कोण बघंल?’

इतक्या वर्षांनी कायम नोकरी लागली, त्यावर माझ्या आईचा पहिला प्रश्न हा. एरवी मी भडकले असते. पण तिचा चेहरा बघितला तर ती घाबरली होती, लहान मुलासारखी उघड घाबरली होती, आणि तिला त्या भीतीसाठी तेवढाच एक शब्द सापडला होता. मलाही तीच भीती होती. नळाचं कोण बघेल, गोळ्यांचं कोण बघेल, बाबा न्हाणीत घसरले तर फोन कोणाला जाईल. मला सुटल्यासारखं मुळीच वाटलं नाही. 

 भाऊ हिरवी सायकल बोटांत फिरवत होता. बाबा पुढे वाकले. त्यांची निळी सायकल आमच्या सगळ्यांच्या मागे, आईच्याही मागे होती. त्यांनी ती डाव्या हाताने उचलली. वाटेत आईची सायकल आडवी झाली. त्यांनी निळी सायकल आणून माझ्या पिवळ्या सायकलीच्या पुढे ठेवली, बरोबर एक घर पुढे.

‘बारी माझी,’ ते म्हणाले.

‘अहो, तुम्हाला कुठं झेपणार,’ आई म्हणाली.

‘जेवढी झेपंल तेवढी. मग म्या बी घंटी वाजवीन की.’ आणि त्यांनी भावाकडे बघितलं. मागच्याने सांगायचं नसतं तसंच पुढच्यानेही मागणी करायची नसते. भावाने मान खाली घातली. त्याने हिरवी सायकल पट्टीपलीकडून उचलली आणि परत आणून निळ्या सायकलीच्या मागे, माझ्या सायकलीशेजारी लावली.

‘तिकीट पुढं ढकलता येतं का बघतो,’ तो म्हणाला. ‘पण महिनाभर फार तर. त्याच्यापुढचं मला माहीत नाही, ताई.’

‘मलाही माहीत नाही,’ मी म्हटलं.

मग आम्ही ती शर्यत आमच्या नियमाने पुरी केली. माझे लाल पत्ते खोक्यात गेले. बाबांनी घड्याळ बघून सांगितलं, दोन तास दहा मिनिटं. इतका वेळ आधी कधीच लागला नव्हता. आईने चहा केला, तो जरा जास्त गोड झाला होता.

सोमवारी सकाळी मी दूध घेऊन येत होते, तेव्हा फोनवर निरोप पडला. व्हॉल्व सोडला. मी सवयीने पळत सुटले. गल्लीच्या तोंडाशी चप्पल निसटली, ती हातात घेतली आणि तशीच दारात आले.

बाबा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले होते. डाव्या हातात पाइप होता. हौदाचं झाकण भावाने उघडून ठेवलं होतं आणि तो घरात पिंपं सरकवत होता, चुकीच्या जागी. बाबांचा हात स्थिर राहत नव्हता. पाइपचं तोंड हौदावरून घसरायचं, पाणी फरशीवर जायचं, मग ते परत आणायचे. त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता. आठवड्याचं पाणी, आणि त्यातलं अर्धं तरी सांडत होतं.

मी दुधाची पिशवी कठड्यावर ठेवली आणि पुढे झाले.

‘मागं ऱ्हा,’ बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी उंबऱ्यात थांबले. फोन काढला, मेल उघडला आणि येते असं कळवून टाकलं. पाठवून झाल्यावरही मी पुढे झाले नाही. पाणी अंगणातून गटारीकडे चाललं होतं, आणि ते नुसतं बघत उभं राहणं हे साडेतीन वर्षांतलं मला सगळ्यांत जड गेलेलं काम होतं.